पंप उतरवल्यावर

तीस वर्षं मी विष पाठीवर वाहिलं.
कोरगावात मला पंपकार आबलो म्हणतात,
आडनाव विचारलं तर माणसं थोडी थांबतात.
काजूचा मोहर, आंब्याचा मोहर, वायंगणातली मिरची,
कोणी ये म्हटलं की पट्टा खांद्यावर.
खांद्यांवर आता केस उगवत नाहीत
आणि हुमणाचा वास कसा आलाय
ते सत्यवतीला विचारावं लागतं.

यंदा भात कापल्यावर, ओल होती तोवर
अळसांदे टाकले.
जांभळी फुलं आली
आणि कळ्यांवर खसखशीहून बारीक अंडी.
मी सवयीने पंप धुऊन घेतला.

तेवढ्यात पेडण्याच्या कृषी कार्यालयातून
निवेदिता गावस स्कूटरवरून आली.
डब्यात बर्फ, बर्फावर पिशवी,
पिशवीत पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा,
पुठ्ठ्यावर काळी पूड चिकटवलेली, रव्यासारखी.
"यात वीस हजार आहेत."
वीस हजार काय?
"गांधीलमाश्या."
मी दोन पावलं मागे.
"चावत नाहीत, आबलोबाब.
त्यांच्या हिशेबात तुम्ही नाहीच."

मग तिने सांगितलं :
माशी अंड्यावर चढते,
मिशांनी चाचपून त्याचं माप घेते,
भोक पाडते, आत आपलं अंडं ठेवते.
आतलं आतच खाल्लं जातं.
अळी जन्मतच नाही.

मी विचारलं, "तिला कळतं का काही?"
"कोणाला?"
"अळीला."
ती पट्ट्या कापत होती, कात्री थांबली.
"तीस वर्षांत हे कधी विचारलं होतंत?"

ऊन उतरल्यावर पानांच्या पोटाला
आम्ही स्टेपलरने पट्ट्या टाचल्या.
अर्ध्या तासात संपलं.
वास नाही, खोकला नाही, तोंडाला फडकं नाही.
पंपाचा दांडा मारणारा माझा डावा हात
रिकामाच वरखाली होत राहिला.

रात्री डोंगळ्यांनी दोन पट्ट्या साफ केल्या.
सकाळी उरलेल्या झाडांच्या देठांना ग्रीस फासलं,
शिव्या देत.
बाकी शेतात काही घडत होतं म्हणावं
तर काहीच दिसत नव्हतं.

बांधापलीकडे आनिसेतची मिरची.
गुरुवारी फवारायची होती,
आणि फवारायला बोलावलं होतं मलाच.
म्हटलं, "रविवारी, मीस झाल्यावर.
वारा माझ्याकडे येतोय, घरी पाहुणे आहेत."
"किती?"
"वीस हजार."
तो बांधावर बसून पोट धरून हसला,
मग म्हणाला, "चहा तरी दिलास?"
पण थांबला.
रविवारी त्याची मिरची मीच मारली,
वाऱ्याकडे चार वेळा बघून.
पोट आहे, खोटं कशाला बोलू.

निवेदिता परत आली तेव्हा भिंग घेऊन आली.
कळीवरची अंडी काळी पडलेली,
एकेका दाण्यात कोणीतरी निजलेलं.
मी शंभर मोजली, एकसष्ट काळी.
"आणि बाकीची?"
"बाकीची आहेत," ती म्हणाली,
एवढंच.

शेंगा सोलताना सत्यवतीला एक अळी सापडली,
हिरवी, गुबगुबीत, दोन दाणे खाऊन बसलेली.
तिने सूप माझ्यापुढे सरकवलं,
जणू माझीच कोणी लागते.
मी बराच वेळ बघितलं
आणि कोंबडीला घातली.

काल आनिसेत पंप मागायला आला.
तू येत नसशील तर मीच मारतो, म्हणाला.
ओटीवरून काढून त्याच्या हातात दिला.
त्याने दांडा मारला, पाणी येईना.
नोझलच्या तोंडात ओल्या मातीचं बूच,
बोटाच्या पेराएवढं, गोल, नीट लिंपलेलं :
कुंभारीणमाशीनं घर केलं होतं.
तो खिळा शोधू लागला.
म्हटलं, राहू दे आनिसेत,
आत भाडेकरू आहे.